हातावरची गाठ आणि पुराव्याचा प्रश्न : नोड्युलर फॅशिआयटिसचा इतिहास

'गाठ' हा शब्द मराठीत किती कामं करतो बघा. दोरीला गाठ मारतात, जुन्या मित्राशी गाठ पडते, मनात एखादी गाठ बसते. पण आंघोळ करताना दंडावर किंवा खांद्यावर हाताला गाठ लागली, की घरातल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न येतो आणि तो कुणीच मोठ्याने विचारत नाही : कॅन्सर तर नसेल ना?

प्रश्न जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद यांची वर्णनं एकाच अध्यायात येतात, आणि ट्यूमरसाठी आपली पाठ्यपुस्तकं आजही 'अर्बुद' हाच शब्द वापरतात. म्हणजे सगळ्या गाठी सारख्या नसतात हे वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होतं. अडचण वेगळी आहे. समोरची गाठ कोणत्या जातीची, हे ठरवायचं कशावरून?

आज मी तुम्हाला एकाच गाठीचा इतिहास सांगणार आहे. ती हातावर, विशेषतः कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात, सगळ्यांत जास्त आढळते. दोन-चार आठवड्यांत भराभर वाढते. मायक्रोस्कोपखाली पाहिली तर कॅन्सरसारखी दिसते. आणि ती कॅन्सर नसते. तिचं नाव नोड्युलर फॅशिआयटिस. तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीच्या तयारीत आहेत, आणि 'पुरावा पुरेसा झाला हे कसं ओळखायचं' हा प्रश्न तुम्हाला कधी ना कधी छळणारच. मी वैद्यकाच्या इतिहासावर काम करतो. या प्रश्नाचं उत्तर शोधायला याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

हाडं आणि आतले अवयव सोडले तर हातात जे काही उरतं, म्हणजे चरबी, स्नायू, स्नायूंवरचं चिवट आवरण, नसा, रक्तवाहिन्या, त्याला ढोबळमानाने सॉफ्ट टिश्यू म्हणतात. या सगळ्यांतून गाठी येऊ शकतात आणि त्यातल्या बहुसंख्य निरुपद्रवी असतात. खांद्यावर किंवा पाठीच्या वरच्या भागात येणारी मऊ, बोटाखाली सरकणारी चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, तुम्ही घरात कुणाला ना कुणाला पाहिलीच असेल. नसेच्या आवरणातून येणारा श्वॅनोमा असतो. नखाखाली येणारा इवलासा पण भयंकर दुखणारा ग्लोमस ट्यूमर असतो. त्याचं वर्णन पिएर मासों यांनी १९२४ साली केलं.

या गाठींची घातक भावंडं म्हणजे सार्कोमा. ती संख्येने फार कमी. पण कमी असल्यामुळेच एक पेच तयार होतो : बऱ्याच डॉक्टरांनी आयुष्यात मोजकेच सार्कोमा पाहिलेले असतात, त्यामुळे 'सार्कोमासारखं दिसणं' म्हणजे नेमकं काय, याचा अनुभव थोड्या लोकांकडे साठलेला असतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पणाला काय लागलं होतं?

इतिहास वाचताना पहिला प्रश्न हा विचारावा : चूक झाली असती तर किंमत कुणी मोजली असती?

इथे उत्तर सरळ आहे. किंमत म्हणजे हात. १८८७ साली पॅरिसचे सर्जन पॉल बर्जर यांनी एका शस्त्रक्रियेवर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्या शस्त्रक्रियेत हाताबरोबर खांद्याच्या मागचं सपाट हाड आणि गळ्याजवळच्या हाडाचा भागही काढला जातो. दंडाच्या वरच्या टोकाच्या आणि खांद्याच्या घातक गाठींवर पुढची अनेक दशकं हाच मोठा उपाय होता. हाता-पायाच्या सार्कोमाला अवयव कापणं ही विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात मान्य रीत होती. ती खऱ्या अर्थाने कधी हलली? अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये स्टीव्हन रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ४३ रुग्णांची चाचणी केली. १६ जणांचा अवयव कापला, २७ जणांचा अवयव वाचवून गाठ काढली आणि रेडिएशन दिलं. निष्कर्ष १९८२ साली छापून आले : जगण्याच्या प्रमाणात दोन गटांत फरक दिसला नाही.

म्हणजे १९५० च्या आसपास एखाद्या पंचविशीतल्या माणसाच्या हातावरच्या गाठीची काच पाहून पॅथॉलॉजिस्टने 'सार्कोमा' असं लिहिलं, तर त्या एका शब्दाचं वजन किती होतं याची कल्पना करा. उलट बाजूही तितकीच भयंकर. खरा सार्कोमा 'काही नाही हो, साधी गाठ आहे' म्हणून सोडून दिला, तर माणूस जायचा. दोन्हीकडून चूक महाग होती. अशा वेळी माणसं साहजिकच सावध बाजूला झुकतात, आणि सावध बाजू म्हणजे जास्त कापणं.

१९५५ : आठ रुग्ण आणि एक लांबलचक नाव

१९५५ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल पॅथॉलॉजी'मध्ये बेंजामिन कॉनवॉलर, लुईसा कीसबी आणि लुई कॅप्लन यांचा एक लेख आला. रुग्ण किती? फक्त आठ. त्यांनी गाठीला नाव दिलं 'सबक्युटेनियस स्यूडोसार्कोमॅटस फायब्रोमॅटोसिस', आणि पुढे 'फॅशिआयटिस'.

या नावाकडे जरा थांबून बघा. वैज्ञानिक नाव म्हणजे बऱ्याचदा एक छोटा युक्तिवाद असतो. 'सबक्युटेनियस' म्हणजे त्वचेखाली : ही झाली जागा. 'स्यूडोसार्कोमॅटस' म्हणजे सार्कोमाचा आव आणणारी : हा झाला इशारा, वाचणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला सांगितलेलं 'फसू नकोस'. आणि 'फॅशिआयटिस' मधला 'आयटिस' हा प्रत्यय दाह दाखवतो, म्हणजे ही ट्यूमर नाही, शरीराची कसलीतरी प्रतिक्रिया आहे, असं सुचवतो. एका नावात तीन दावे. पहिला डोळ्यांनी दिसणारा, दुसरा तुलनेतून आलेला, आणि तिसरा केवळ अंदाज. तिसऱ्या दाव्याचं पुढे काय झालं ते आपण शेवटाकडे बघू.

त्यांना काचेखाली काय दिसलं होतं? कोवळ्या, लांबट पेशी, अस्ताव्यस्त पसरलेल्या, जणू प्रयोगशाळेत बशीत वाढवल्यासारख्या. मधेमधे चिकट, पाणीदार जागा. रक्तवाहिन्यांबाहेर सांडलेल्या लाल पेशी. आणि सगळ्यांत घाबरवणारी गोष्ट : विभागत असलेल्या पेशी भरपूर. पेशी भराभर विभागतायत म्हणजे कॅन्सर, हा तेव्हाचा साधा हिशोब. पण बारकाईने पाहिलं तर विभाजन संख्येने जास्त असलं तरी वेडंवाकडं नव्हतं. केंद्रकं एकसारखी होती. गाठ लहान होती, बहुधा दोन-तीन सेंटिमीटरच्या आत.

आता प्रश्न असा, की आठ रुग्णांवरून एवढा मोठा दावा करायचा? तर इथे तुमच्यासाठी एक धडा आहे. आठ रुग्णांवरून काहीही 'सिद्ध' होत नाही. पण आठ रुग्णांवरून 'इकडे बघा, इथे काहीतरी वेगळं आहे' असं नक्की म्हणता येतं. त्या लेखाने तेवढंच केलं, आणि ते पुरेसं होतं. कारण लेख वाचून इतर पॅथॉलॉजिस्टांनी आपापली कपाटं उघडली.

कपाटातल्या काचा

पॅथॉलॉजी विभागाची एक खासियत आहे. तिथे काहीच टाकून देत नाहीत. शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवतात, त्याच्या काचा नंबर घालून ठेवतात. वीस वर्षांपूर्वीची गाठ आज पुन्हा तपासता येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दफ्तरखाना, तसा पॅथॉलॉजिस्टला हा संग्रह.

१९६१ साली प्राइस, सिलिफंट आणि शुमन यांनी ६५ रुग्ण मांडले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आर्थर पर्डी स्टाउट यांनी लहान मुलांमधल्या याच गाठीवर लिहिलं. स्टाउट मूळचे सर्जन, पुढे पॅथॉलॉजिस्ट झाले. सॉफ्ट टिश्यूच्या ट्यूमरवरचं त्यांचं १९५३ चं पुस्तक त्या काळी प्रमाण मानलं जायचं, त्यामुळे त्यांनी दखल घेणं ही मोठी गोष्ट होती. सार्कोमा ओळखण्याचा अनुभव थोड्या लोकांकडे साठलेला असतो असं मी वर म्हटलं, ते यासाठी.

आणि १९६२ साली न्यूयॉर्कच्याच मेमोरियल हॉस्पिटलमधले हटर, स्टुअर्ट आणि फुट यांनी 'कॅन्सर' या नियतकालिकात ७० रुग्ण प्रसिद्ध केले. त्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी सांगून टाकलं, की फॉलो-अपवरून ही गाठ निरुपद्रवी असल्याचं सिद्ध होतं.

हे नीट लक्षात घ्या. काचेखाली गाठ कशी दिसते यावरून त्यांनी हा निष्कर्ष काढलेला नाही. दिसायला ती वाईटच होती. पुरावा आला तो माणसांकडून : इतक्या वर्षांनी ही माणसं कुठे आहेत, कशी आहेत, गाठ पुन्हा आली का, फुफ्फुसात पसरली का? माणसं ठणठणीत होती. मायक्रोस्कोप म्हणत होता एक, काळ म्हणत होता दुसरं, आणि या लोकांनी काळाचं ऐकलं.

पण तुम्ही संशोधक होणार आहात, तेव्हा लगेच मान डोलावू नका. शंका काढा. मी एक काढतो : या सगळ्यांच्या गाठी तर काढून टाकल्या होत्या. मग माणसं बरी राहिली ती गाठ निरुपद्रवी होती म्हणून, की शस्त्रक्रियेने कॅन्सर बरा झाला म्हणून? दोन्ही शक्यतांत फॉलो-अपचा निकाल सारखाच येईल!

बरोबर शंका आहे. उत्तर मिळतं ते अर्धवट कामातून. काही रुग्णांत गाठ पूर्ण निघालेली नसते, कडेला थोडी राहून गेलेली असते. सार्कोमा असा मागे राहिला, तर तो बहुतेक वेळा परत उगवतो. ही गाठ मात्र अर्धवट काढली तरी परत येणं विरळा. पुढे सुईने नमुना घेऊन निदान करायची पद्धत रुळली, तेव्हा पुरावा आणखी घट्ट झाला. १९८१ साली स्वीडनच्या डाल आणि ओकरमान यांनी १३ रुग्णांत सुईच्या नमुन्यातल्या पेशी आणि काढलेल्या गाठीची काच यांची जुळणी करून दाखवली. आणि १९९३ साली स्टॅन्ली आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांच्यात सुईने निदान झाल्यावर गाठ कापलीच नाही, आणि ती आपोआप विरून गेली.

इथे माझ्या शंकेला उत्तर मिळालं. शस्त्रक्रिया झालीच नाही, तरी गाठ गेली. म्हणजे बरं करण्याचं श्रेय सुरीला देता येत नाही. एखादी घटना दोन कारणांनी घडू शकत असेल, तर दोनपैकी एक कारण गैरहजर आहे अशी जागा शोधा. पुराव्याबद्दल याहून जास्त कामाचं काही मला सांगता येणार नाही.

१९८२ : वर्तुळात फिरणारा युक्तिवाद?

आता या गोष्टीतला माझा सर्वांत आवडता आणि सर्वांत अवघड भाग. १९८२ साली बर्नस्टाइन आणि राफाएल लाटेस यांनी १३४ रुग्णांचा अभ्यास छापला. लाटेस म्हणजे स्टाउट यांचे सहकारी, त्याच परंपरेतले. त्यांनी शीर्षकातच म्हटलं, की ही परत न येणारी गाठ आहे.

मग ज्यांची परत आली त्यांचं काय? असे १८ रुग्ण होते, ज्यांचं आधीचं निदान नोड्युलर फॅशिआयटिस होतं आणि गाठ पुन्हा आली होती. लेखकांनी त्यांच्या काचा पुन्हा पाहिल्या आणि त्यांचं निदान बदललं. निष्कर्ष असा, की गाठ परत आली तर आधीच्या निदानावर शंका घ्या.

थांबा. यात काही खटकतंय का?

'ही गाठ कधीच परत येत नाही.' 'पण या १८ जणांची आली की!' 'मग ती ही गाठ नव्हतीच.' गावात एखादा म्हणतो, 'आमच्या घराण्यात कुणी खोटं बोलत नाही', आणि कुणी बोललेला सापडला की म्हणतो, 'तो आमच्या घराण्यातला नव्हेच.' असा दावा कधीच खोटा ठरू शकत नाही, आणि जो दावा खोटा ठरू शकत नाही त्यातून आपल्याला नवीन काही कळतही नाही.

पण लेखकांवर अन्याय करू नका. त्यांच्या पद्धतीला एक मजबूत बाजू आहे. परत आलेल्या गाठींचं निदान त्यांनी नुसतं 'परत आली' एवढ्यावरून बदललं नाही, पुन्हा काच पाहून बदललं. त्या काचांत खरोखर दुसऱ्या रोगाची चिन्हं असतील, तर ती सुधारणा रास्तच. आणि रुग्णाच्या दृष्टीने त्यांचा सल्ला तर सोन्यासारखा आहे : परत आलेली गाठ कुणी 'निरुपद्रवी' म्हणून सोडून दिली आणि आत खरा सार्कोमा निघाला, तर काय घ्या! म्हणून नियम म्हणून तो उत्तम आहे. पुरावा म्हणून मात्र तो तेव्हाच उभा राहतो, जेव्हा काच पाहणाऱ्याला गाठ परत आली होती की नाही हे माहीत नसतं.

तुमच्या विषयातही हे होणार आहे. शिक्षणावर काम करणारा म्हणेल, 'ही पद्धत नीट राबवली की मुलं शिकतातच', आणि मुलं शिकली नाहीत की म्हणेल, 'मग नीट राबवली नसणार.' आपल्या व्याख्येतच आपला निकाल लपलाय का, हे प्रकरण लिहायच्या आधी एकदा तपासा.

या वर्तुळातून बाहेर पडायचा मार्ग एकच : निदान ठरवायला दिसणं आणि परत येणं या दोन्हींपेक्षा वेगळी, स्वतंत्र खूण हवी. ती मिळायला आणखी २९ वर्षं लागली.

मार लागला म्हणून गाठ आली?

ती खूण येण्याआधी, 'आयटिस'वाला तिसरा दावा काय करत होता ते बघू. जवळजवळ सगळेच मानत होते की ही गाठ म्हणजे एखाद्या दुखापतीवर शरीराने दिलेली अवाजवी प्रतिक्रिया. जखम भरताना कोवळ्या पेशी येतात, तशाच या, फक्त जरा जास्त उत्साहात.

या कल्पनेला आधारही मिळत गेला. १९७१ साली गॅबियानी, रायन आणि मायनो यांनी भरत्या जखमेतली एक विशेष पेशी वर्णन केली. ती तंतू बनवते आणि स्नायूसारखी आकसतेही. तिला मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. १९७६ साली वर्मन यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने दाखवलं, की नोड्युलर फॅशिआयटिसमध्येही याच पेशी आहेत. १९८४ साली जपानच्या शिमिझु, हाशिमोतो आणि एंजोजी यांनी २५० रुग्णांचा अभ्यास केला आणि गाठीचे तीन प्रकार मांडले : पाणीदार, पेशींनी भरलेला आणि तंतुमय. ताज्या गाठी पहिल्या प्रकाराकडे झुकणाऱ्या, जुन्या तिसऱ्याकडे. अगदी जखम भरून व्रण होतो तसं. चित्र किती छान जुळतंय!

एकच गोष्ट जुळत नव्हती. मार लागल्याचं बहुतेक रुग्णांना आठवतच नव्हतं. आठवणारे थोडे. आणि हात म्हणजे काय, दिवसातून दहा वेळा कुठे ना कुठे आपटणारा अवयव. 'कधी लागलं होतं का?' असं विचारलं, तर कुणीही 'हो, लागलं असेल' म्हणेल. मुलाखती घेणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा : कारण शोधणाऱ्या माणसाला भूतकाळात कारण सापडतंच.

२०११ : जनुकाची साक्ष

स्वतंत्र खूण आली ती भलत्याच दिशेने, हाडांच्या अभ्यासातून. १९४२ साली जॅफे आणि लिक्टेनस्टाइन यांनी हाडातल्या रक्ताने भरलेल्या एका पोकळ गाठीला 'अन्युरिझमल बोन सिस्ट' हे नाव दिलं होतं. तीही अनेक वर्षं प्रतिक्रियाच मानली जायची. २००४ साली आंद्रे ऑलिव्हेरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्या गाठीच्या पेशींत यूएसपी६ नावाचं जनुक आपल्या जागेवरून तुटून दुसऱ्या जनुकाला जोडलं गेलेलं असतं.

मग विचार आला : हाडातली ती गाठ आणि हातावरची ही गाठ, दोन्हींच्या पेशी बऱ्याच सारख्या दिसतात. तिथे जे आहे ते इथे असेल का? अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या मिशेल एरिक्सन-जॉन्सन, ऑलिव्हेरा आणि सहकाऱ्यांनी तपासलं. ४८ पैकी ४४ गाठींत, म्हणजे ९२ टक्क्यांत, यूएसपी६ तुटलेलं सापडलं. त्यांना आढळलेली जोडी होती एमवायएच९ आणि यूएसपी६ यांची. पहिलं बावीसाव्या गुणसूत्रावरचं, दुसरं सतराव्या. एमवायएच९ हे पेशीत सतत चालू असणारं जनुक. त्याचं चालू करणारं बटण यूएसपी६ च्या पुढे येऊन बसतं, आणि एरवी गप्प असणारं यूएसपी६ जोरात कामाला लागतं. हे जोडजनुक घातलेल्या पेशी उंदरांत टोचल्या, तर तिथे अशाच गाठी झाल्या.

जाता जाता एक गंमत : यूएसपी६ हे जनुक माणूस आणि त्याचे जवळचे वानर नातलग एवढ्यांतच असतं, असं २००३ मध्ये दाखवलं गेलं होतं. उंदराकडे ते नसतंच. म्हणून उंदरावरचा हा प्रयोग करायचा, तर जनुक बाहेरूनच द्यावं लागतं.

आता २०११ च्या निष्कर्षाचा अर्थ काय? ज्या पेशींत एकच जनुकीय बिघाड आहे आणि त्याच वाढत चालल्यात, त्या पेशींच्या गाठीला 'प्रतिक्रिया' म्हणणं कठीण. व्याख्येने तो ट्यूमर झाला. पण हा ट्यूमर ठरावीक काळ वाढतो आणि थांबतो, कधी विरूनही जातो. म्हणून त्या लेखकांनी नवी कल्पना मांडली : तात्पुरता ट्यूमर. म्हणजे कॉनवॉलर आणि मंडळींच्या नावातला दुसरा दावा, सार्कोमाचा आव आणणारी, शंभर नंबरी खरा ठरला. तिसरा, दाहाचा, ढासळला. आणि गंमत अशी की नाव मात्र टिकलं. 'फॅशिआयटिस' आजही फॅशिआयटिसच आहे.

आणि १९८२ चं वर्तुळ? ते बरंचसं फुटलं. आता गाठ परत आली, तर यूएसपी६ तुटलंय का ते तपासता येतं, फक्त दिसण्यावर भांडायची गरज नाही. पण इथेही सावध राहा. त्या ४८ गाठी निवडल्या होत्या त्या काचेवरच्या दिसण्यावरूनच. शिवाय हाच बिघाड अन्युरिझमल बोन सिस्टमध्येही असतो, म्हणजे एकट्या जनुकावरून नाव ठरत नाही. आणि २०१६ मध्ये एक असाही रुग्ण नोंदवला गेला, ज्याच्या गाठीत यूएसपी६ चा बिघाड होता आणि ती घातक वागली. नवा पुरावा जुना वाद मिटवतो तसा दोन नवे उभेही करतो. ही गाठ वाढता वाढता थांबते का, हा प्रश्न तर अजून संशोधकांची वाट बघतोय.

खांद्यामागची दुसरी गाठ

ही एकच कथा असती, तर तिला अपवाद म्हणता आलं असतं. म्हणून शेजारची दुसरी थोडक्यात सांगतो. १९६१ साली फिनलंडच्या यार्वी आणि साक्सेन यांनी खांद्यामागच्या सपाट हाडाच्या खाली, बरगड्यांना लागून येणाऱ्या एका गाठीला 'इलास्टोफायब्रोमा डॉर्सी' असं नाव दिलं. समज असा झाला की हात सतत वर-खाली करून ते हाड बरगड्यांवर घासतं, म्हणून ही गाठ येते. पुन्हा 'प्रतिक्रिया'!

सुरुवातीला ही गाठ दुर्मीळ वाटली. पण १९७५ साली यार्वी आणि लॅन्सिमिएस यांनी शवविच्छेदनात मुद्दाम शोधलं, तर ५५ वर्षांवरच्या २४ टक्के बायकांत आणि ११ टक्के पुरुषांत तिच्या खुणा सापडल्या. गाठ दुर्मीळ नव्हती, दवाखान्यापर्यंत येणारी गाठ दुर्मीळ होती. पुढे १९८२ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटांवरच्या १७० रुग्णांचा अभ्यास आला, त्यात जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांच्या नात्यात हीच गाठ होती. नुसत्या घासण्याने घराण्याचा धागा कसा समजावणार? कष्टाच्या कामांची परंपरा घराण्यात चालते, तशी रक्ताचीही चालते. दोन्ही वेगळे करणं सोपं नाही.

तुमच्या वहीत काय उतरवाल?

१. तुम्ही वाचत असलेल्या प्रत्येक नावाचे तुकडे करा. त्यात किती गोष्टी पाहिलेल्या आहेत आणि किती मानलेल्या? समाजशास्त्रातल्या संज्ञांना हे आणखी जास्त लागू आहे.

२. आठ नमुन्यांचा लेख कमी लेखू नका, पण त्याच्याकडून सत्तर नमुन्यांचं काम मागू नका. प्रश्न उभा करणारा लेख वेगळा, उत्तर देणारा वेगळा.

३. जुना संग्रह म्हणजे मेलेला कागद नव्हे. नवा प्रश्न घेऊन गेलात, तर वीस वर्षं पडून असलेली काच किंवा दफ्तरातला रुमाल नवीन काहीतरी सांगतो.

४. तुमचा दावा खोटा ठरला तर तो कसा दिसेल, हे आधी एका वाक्यात लिहून ठेवा. लिहिता आलं नाही, तर दाव्यातच गडबड आहे.

५. तुमच्याकडे आलेले नमुने कोणत्या दारातून आले, हे विचारा. दवाखान्यात आलेले रोगी म्हणजे सगळे रोगी नव्हेत, ग्रंथालयात टिकलेली पुस्तकं म्हणजे छापलेली सगळी पुस्तकं नव्हेत.

आणि एक गोष्ट संशोधनाबाहेरची. हे वाचून कुणी स्वतःच्या हातावरची गाठ चाचपून 'ही तर आपोआप जाणारी' असं ठरवू नका. वरच्या सगळ्या इतिहासाचं सार हेच आहे की नुसत्या दिसण्यावरून, नुसत्या वाढीवरून हे ठरत नाही. गाठ डॉक्टरांना दाखवायचीच.

शेवटी एवढंच सांगेन. कॉनवॉलर, कीसबी आणि कॅप्लन यांचं कारणाबद्दलचं मत चुकलं, तरी त्यांच्या लेखामुळे किती जणांचे हात आणि किती जणांची झोप वाचली असेल याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. जी शस्त्रक्रिया झाली नाही तिची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नसते. संशोधनाचा काही फायदा असाच, न घडलेल्या गोष्टींत साठत जातो. तुमचा प्रबंध लिहिताना 'याचा उपयोग काय' असं कुणी विचारलं, आणि लगेच उत्तर सुचलं नाही, तर ही आठ काचांची गोष्ट आठवा आणि पुढचं पान लिहायला घ्या.